घाटातली राखण : माजिवडा ते थळ

ठाण्याच्या माजिवडा नाक्यावर दोन जुने रस्ते फुटतात. एक खाडीच्या कडेने घोडबंदरकडे वळतो. दुसरा, म्हणजे आग्रा रोड, खाडी ओलांडून भिवंडीच्या बाजूने शहापूर आणि कसाऱ्याकडे जातो. आजच्या माजिवड्यात उड्डाणपूल, गृहसंकुले आणि अखंड वाहतूक दिसते, त्यामुळे हा नाका घाटवाटेचा पायथा आहे हे सहसा ध्यानात येत नाही. कसाऱ्यापर्यंतची सुमारे ऐंशी किलोमीटरची वाट तशी सपाटीची आहे. पावसाळ्यात तिथे वाटसरूला छळतात ते पाणी, चिखल आणि खड्डे. कसाऱ्याच्या पुढे थळ घाट लागतो. चौदा-पंधरा किलोमीटरांत वाट सुमारे ३०० मीटर चढून इगतपुरीला घाटमाथ्यावर येते, आणि या चढात संकटाचे नावच बदलते. त्याला दरड म्हणतात.

दरड कोसळते म्हणजे नेमके काय होते, हे सह्याद्रीच्या घडणीत दडलेले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांतून दख्खनचे पठार तयार झाले. हे थर सगळे एकजातीचे नाहीत. काही घट्ट काळ्या कातळाचे असतात. त्यांना उभ्या भेगा असतात आणि कड्यावरून त्यांचे मोठे चौकोनी धोंडे सुटतात. काही थर बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले, लवकर कुजून मुरूम होणारे असतात. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ पट्टा सापडतो. घाटात कापलेल्या डोंगराच्या भिंतीवर ही तांबडी रेघ आडवी ओढल्यासारखी दिसते. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून खाली उतरते आणि या मातीपाशी अडते. माती फुगते, निसरडी होते आणि वरच्या कातळाचा पाया सुटतो. मुरमाच्या उतारावर वेगळे घडते. तिथे सगळा उतारच पाणी पिऊन जड होतो आणि झाडांसकट चिखल होऊन वाहू लागतो. पहिल्या प्रकारात धोंडे पडतात, दुसऱ्यात डोंगर खचतो. बातम्यांत दोन्हींना दरडच म्हणतात. पण धोंडा रस्त्यावरच्या गाडीला मारतो आणि खचलेला डोंगर आख्खी वाडी गिळतो.

हिमालयातल्या हिमस्खलनाशी या घटनेचे नाते जवळचे आहे. तिथेही दोष थरांमध्येच असतो. आधी पडलेल्या बर्फावर थंडीत भुसभुशीत, एकमेकांना न धरणाऱ्या स्फटिकांचा थर तयार होतो. त्यावर नवा बर्फ पडला किंवा वाऱ्याने आणून टाकला की जड, सलग फळी बसते. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असेल तर एका माणसाच्या वजनानेही ती फळी तुटून घसरते. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही, आणि सौम्य उतारावर तो सहसा सुटत नाही. म्हणून हिमशिखरांवर जाणारा गिर्यारोहक आधी उताराचा कोन पाहतो, मग गेल्या दोन-तीन दिवसांत किती बर्फ पडला आणि वारा कुठून वाहिला ते विचारतो. याचा अभ्यास करण्यासाठी १९६९ मध्ये मनाली येथे हिम आणि हिमस्खलनांच्या अभ्यासाची संस्था स्थापन झाली. सैन्याच्या वाटांसाठी तिथून इशारे दिले जाऊ लागले. सह्याद्रीत बर्फ नाही. तिथे वरून पडणारे ओझे पाण्याचे, आणि कमकुवत थर बर्फाऐवजी मातीचा. पण कोन, थर आणि गेल्या काही दिवसांतले ओझे हे तीन प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत.

जुन्या काळच्या प्रवाशाने या प्रश्नांना फार सोपे उत्तर शोधले होते. तो पावसाळ्यात घाट चढतच नसे. कल्याण बंदरातून देशावर जाणारा माल नाणेघाटाने जुन्नरकडे, बोरघाटाने पुण्याकडे आणि थळ घाटाने नाशिककडे जाई. नाणेघाटातला सातवाहन राणी नागणिकेचा शिलालेख आणि तिथला दगडी रांजण पाहिला की ही ये-जा किती जुनी आहे ते कळते. रांजण जकातीसाठी होता अशी परंपरेची समजूत आहे. माल बैलांच्या पाठीवर असे आणि लमाणांचे तांडे तो वाहून नेत. ज्येष्ठ संपताना तांडे थांबत, दसऱ्यानंतर पुन्हा हलत. साधू-संन्याशांचा चातुर्मास एका जागी काढण्याचा नेम आणि मराठ्यांच्या फौजांचे दसऱ्याचे सीमोल्लंघन यांच्या मुळाशी धर्म आणि मुहूर्त असतील, पण चिखल, चढलेल्या नद्या आणि सुटलेले कडेही होते. चार महिने घाट बंद ठेवण्याची ही रीत दरडीपासून बचावाचा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय होती, मात्र तसे कोणी तेव्हा म्हटले नसते.

उरलेल्या आठ महिन्यांत घाटाची राखण होत असे, ती वेगळ्या कारणासाठी. गडांच्या आणि घाटांच्या वाटांवर मेटी असत आणि तिथले मेटकरी येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवीत. सह्याद्रीच्या या पट्ट्यात घाटवाटांची राखण पुष्कळ ठिकाणी महादेव कोळी नाईकांकडे होती. घाटाच्या जकातीच्या हिशेबाशी जोडलेले घाटपांडे हे आडनाव आजही चालते. या सगळ्यांची नजर दरोडेखोरावर, शत्रूच्या तुकडीवर आणि जकात चुकवणाऱ्यावर होती. दगडावर लक्ष ठेवणारा पगारी माणूस अजून जन्माला यायचा होता.

तो जन्माला आला तो रस्त्याच्या आणि मुख्यतः रेल्वेच्या पोटी. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटात गाड्या चढू शकतील असा रस्ता खुला झाला. पुढे आग्र्याकडे जाणारा रस्ता थळ घाटातून काढला गेला. बैलाची वाट डोंगराच्या कलाने जाते; वाकते, चढते, ओढा आला की खाली उतरते. गाडीच्या रस्त्याला मात्र ठरावीक चढ लागतो आणि तो मिळवायचा तर डोंगराचा पाय कापावा लागतो. कापलेल्या जागेच्या वरचा उतार आधारावाचून लटकतो. शतकानुशतके स्वतःच्या गतीने झिजणाऱ्या कड्याला माणसाने दिलेली ही घाई होती, आणि त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक दरडीच्या गोष्टीत ती कुठे ना कुठे सापडते.

लोहमार्गाने हीच गोष्ट कितीतरी मोठ्या प्रमाणावर केली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोहोचले आणि तिथून दोन फाटे झाले. पुण्याकडच्या फाट्यावर बोरघाट १८६३ मध्ये पूर्ण झाला. नाशिककडचा फाटा १८६१ च्या आरंभी कसाऱ्याला आणि १८६५ च्या आरंभी इगतपुरीला पोहोचला, म्हणजे कसारा ते इगतपुरी या एवढ्याशा टप्प्याला चार वर्षे लागली. थळ घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ धरावा लागला. प्रवासी गाडीसाठी तो आजही देशातल्या अवघड चढांत मोजला जातो, आणि घाट चढणाऱ्या गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी दोन्ही घाटांची आखणी केली, पण १८६२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि दोन्हींपैकी एकाही घाटातून धावणारी गाडी त्यांना पाहता आली नाही. बोरघाटाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये हिंदुस्थानात येऊन थोड्याच दिवसांत वारले. ते काम त्यांची पत्नी अ‍ॅलिस हिने पुढे चालवले. ही नावे रेल्वेच्या इतिहासात ठळक छापली जातात. ज्यांची नावे छापली जात नाहीत त्यांची संख्या मोठी आहे. १८६१ मध्ये बोरघाटाच्या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकी, ताप आणि अपघात यांत मेलेल्यांचा अंदाज पंचवीस हजारांच्या आसपास सांगितला जातो. कड्याच्या तोंडाशी पाय ठेवायला जागा नसे तिथे माणसांना वरून दोराने खाली सोडत. लोंबकळतच ते सुरुंगाची भोके पाडीत. दोराला बांधलेल्या माणसाचे हे काम मार्ग पूर्ण झाल्यावर संपले असे वाटते, पण ते संपले नाही.

मार्ग सुरू झाल्यावर पहिल्याच काही पावसाळ्यांत घाटाने आपला स्वभाव दाखवला. बोरघाटातला ‘मऊ की माळी’ म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल १९ जुलै १८६७ रोजी ढासळला, आणि त्यानंतर कंपनीच्या एकूण दगडी कामाच्या दर्जाबद्दल बरीच चर्चा झाली. शिवाय रेल्वेला चातुर्मास पाळणे शक्य नव्हते. टपाल, कापूस आणि फौजा बारा महिने हलल्या पाहिजेत, यासाठीच तर ती बांधली होती. तेव्हा घाट बंद ठेवण्याच्या रीतीची जागा घाटात रात्रंदिवस माणूस ठेवण्याच्या रीतीने घेतली.

या माणसाला रेल्वेत गस्तवाला म्हणतात. पावसाळ्यात धोक्याच्या टप्प्यांवर रात्री रुळांमधून चालत जायचे आणि रूळ मोकळा आहे की नाही ते पाहायचे, एवढेच त्याचे काम. ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात धुके इतके दाट असते की हातातल्या बत्तीचा उजेड दोन-चार हातांवर संपतो. रूळ निसरडे, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. सोबत तीन रंगांची हातबत्ती, झेंडे, शिट्टी, काठी आणि डब्यात जपून ठेवलेले फटाके. हे फटाके दिवाळीतले नव्हेत. चकतीसारखा हा फटाका रुळावर बांधतात. इंजिनाचे चाक त्यावरून गेले की मोठा बार होतो आणि चालकाला गाडी थांबवावी लागते. रुळावर दरड दिसली तर गस्तवाल्याने गाडी येण्याच्या दिशेने धावायचे, ६०० मीटरवर एक फटाका लावायचा, आणखी पुढे १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन लावायचे आणि लाल बत्ती दाखवत उभे राहायचे, असा मोठ्या गेजचा नियम आहे. जिथे दोन्ही बाजूंनी गाडी येऊ शकते तिथे आधी कुठे धावायचे हा निर्णय त्या क्षणी एकट्याला घ्यावा लागतो. हद्दीच्या टोकाला त्याला शेजारच्या हद्दीतला गस्तवाला भेटतो. दोघे आपापल्या वह्या बदलतात आणि आल्या वाटेने परत फिरतात. वही बदललेली नसेल तर कोणीतरी चाललेला नाही हे सकाळी कळते. भिजलेल्या पानांची ही साधी वही म्हणजे सुरक्षा-व्यवस्थेतली फार हुशार कल्पना आहे.

गस्त घडलेली गोष्ट पाहते. घडण्याआधीची गोष्ट पाहण्याचे काम हिल गँगचे. मध्य रेल्वेच्या बोर आणि थळ घाटांत पावसाळ्यापूर्वी हे कामगार उतारांवर चढतात, दोराने कड्यावर उतरतात आणि एकेक धोंडा तपासतात. पहारीने ठोकून आवाज ऐकतात. भरीव कातळाचा नाद वेगळा आणि सुटलेल्या धोंड्याचा पोकळ नाद वेगळा. सुटा धोंडा गाड्या थांबवून मुद्दाम खाली पाडतात, फार मोठा असेल तर फोडतात. पाडलेले दगड उचलायला खास गाडी जाते. दोराला बांधलेल्या १८६० च्या मजुराचे काम असे नव्या नावाने चालूच राहिले आहे. जोडीला आता लोखंडी जाळ्या, धोंडे अडवणारी कुंपणे, वरचे पाणी बाजूला नेणारे चर, पुढे वाढवलेली बोगद्यांची तोंडे आणि कॅमेरे आहेत. पण कोणता धोंडा या पावसाळ्यात सुटेल हे ठरवायला अजून माणसाचा कानच लागतो.

माणसांच्या जोडीला देवही आहेत. इगतपुरीला घाटाच्या तोंडाशी घाटनदेवीचे देऊळ आहे. बोरघाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे मंदिर लागते. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या आणि त्याबद्दल गोळी खाल्लेल्या धनगराची ही आख्यायिका आहे. तिला कागदाचा आधार कितपत आहे हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ट्रकवाले तिथे नाणे टाकतात यावरून घाटाकडे कसे पाहिले जाते ते उमगते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस सह्याद्रीच्या पायथ्याने नवे मार्ग आले आणि जुना धडा पुन्हा गिरवावा लागला. कोकण रेल्वे जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या धोंड्यांमुळे मुंबईकडे येणारी गाडी घसरून पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. पुढल्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर उतार सौम्य करणे, जाळ्या बसवणे आणि डोंगराची हालचाल टिपणाऱ्या ‘रक्षा धागा’सारख्या यंत्रणा हे सगळे झाले. पण सर्वांत मोठा बदल वेळापत्रकात झाला. पावसाळ्यासाठी वेगळे, संथ वेळापत्रक आले. जुन्या तांड्यांच्या चातुर्मासाची ही आधुनिक आवृत्ती म्हणायला हरकत नाही. गाड्या थांबत नाहीत, हळू मात्र होतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून बळी गेले, आणि तिथेही कड्यांवर पोलादी जाळ्या चढल्या.

रस्ता आणि रूळ यांना अशी राखण मिळाली. डोंगरातल्या वाड्यांना ती कधीच मिळाली नाही. २५ आणि २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव गाडले गेले. गाव जागेवर नाही ही गोष्ट पहिल्यांदा नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटी चालकाच्या लक्षात आली. १५१ मृतदेह सापडले. माळीणनंतर पडकईवर बराच वाद झाला. पडकई म्हणजे डोंगरउतारावर भातखाचरे काढण्याची तिथल्या आदिवासींची जुनी, एकमेकांच्या मदतीने हातांनी करायची पद्धत. सरकारी योजनेत शिरल्यावर तिच्यात यंत्रे आली आणि उतार मोठ्या पल्ल्यावर सपाट झाले, असा आक्षेप होता. एकट्या पडकईवर खापर फोडणे न्यायाचे नाही. अतिवृष्टी आणि तिथला मुरमाड उतार ही कारणे तितकीच वजनदार आहेत. तरी डोंगराचा पाय कापला की वरचा भाग लटकतो, हा रेल्वेचा अनुभव खाचरांनाही लागू पडतो.

२२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी गाडली गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. खणणारी यंत्रे वर नेता येईनात, हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरेना. बचावाचे सगळे काम पायी चढून, फावड्या-घमेल्यांनी झाले. चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. परिसरातल्या गिर्यारोहकांना ही वाट पाठ होती, म्हणून त्यांची मोठी मदत झाली. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते.

माजिवड्याच्या आसपास हा धोका फार दूर नाही. खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर उभा आहे. त्याच्या पोटातून जलद गाड्यांसाठी १९१६ मध्ये सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा काढला गेला, आणि पुढे त्याच्या अंगावर वस्ती चढत गेली. १९ जुलै २०२१ रोजी कळव्याच्या घोलाईनगरमध्ये घरांवर दरड पडून पाच जणांचा बळी गेला. मुंब्रा बायपासवरही पावसाळ्यात दरडी येतात. कल्याणहून मुरबाडमार्गे नगरकडे जाणारा माळशेज घाट तर धुके, धबधबे आणि दरडी यांसाठी एकाच वेळी प्रसिद्ध आहे. तिथे पावसाळी पर्यटकांना आवरण्यासाठी प्रशासनाला मनाईचे आदेश काढावे लागतात.

डोंगर खचण्याआधी काही खुणा दिसतात आणि डोंगरात राहणाऱ्यांना त्या ठाऊक असतात. उताराच्या वरच्या अंगाला जमिनीत अर्धगोल भेगा पडतात. जिथे कधी पाणी नव्हते तिथे उपळ फुटतात, किंवा नेहमीच्या झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते. झाडे आणि विजेचे खांब कलतात, दारे चौकटीत अडकू लागतात. ओढ्याचे पाणी भर पावसात अचानक कमी झाले तर वर कुठेतरी बांध पडला आहे असे समजावे आणि ताबडतोब ओढ्यापासून दूर व्हावे. धबधब्याखाली उभ्या असलेल्या सहलकऱ्यांना यातली शेवटची खूण माहीत असणे सर्वांत गरजेचे आहे.

शास्त्राने या खुणांना नकाशाची जोड दिली आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभरातल्या दरडप्रवण भागांचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे करायला घेतले, आणि १९ जुलै २०२४ रोजी कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू झाले. नकाशा जागा सांगतो, वेळ सांगत नाही. वेळेसाठी पावसाचे आकडे लागतात, तेही त्या विशिष्ट डोंगराचे. आणि सह्याद्रीत एका खोऱ्यात धो धो कोसळणारा पाऊस पलीकडच्या खोऱ्यात रिमझिमच असतो. पर्जन्यमापक बहुधा तालुक्याच्या किंवा मंडळाच्या गावी असतो, वाडीच्या माथ्यावर नसतो. ठाणे, कळवा आणि मुंब्र्यातल्या उतारांवरच्या घरांना पावसाळ्याच्या तोंडावर जागा सोडण्याच्या नोटिसा मिळतात. कुठे जायचे ते बहुतेकांपुढे ठरलेले नसते, म्हणून पाऊस सुरू होतो तेव्हा पुष्कळ घरांत चुली तिथेच पेटलेल्या असतात. त्याच सुमारास कसाऱ्याला गस्तीच्या बत्त्या आणि फटाक्यांचे डबे तपासून गस्तवाल्यांच्या हाती दिले जातात.